तेवढीच ना, ताई?

१२ फेब्रुवारी

शेंगे,

पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी पार्सल उघड. त्यात कोट आहे. तुझं माप माझ्या वहीत तीन वर्षांपूर्वीचं आहे, त्यावरच बेतलाय. तू नऊ किलोनं उतरलीस असं कळलं, म्हणून बाजूच्या शिवणी आत घेतल्यात. कापड आत भरपूर ठेवलंय, अंग भरलं की उसवून सोडता येईल. बटणं काजवाल्या काकूंनी लावलीत. बाई अजून तशाच आहेत, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. फक्त तुझा विषय निघाला की सुई ओठांत धरून गप्प बसतात.

परवा तुझ्या बाबांचा फोन आला. तुझी आई गेली, मग तुम्ही दोघं गाव सोडून गेलात, त्या तीन वर्षांत त्यांचा हा दुसरा फोन. पहिला कपाटाची किल्ली माझ्याकडे राहिली आहे का, ते विचारायला होता. त्यामुळं नुसता आवाज ऐकूनच मी मशीन थांबवलं. ते म्हणाले, तुला आईचाच आजार निघालाय. तेच आतडं, तीच सूज, तेच रक्त पडणं. नोव्हेंबरपासून स्टिरॉइड चालू आहे, चेहरा सुजलाय, आणि तरी तू पहाटे बेकरीत उभी राहून पावाचे ट्रे उचलतेस. पाठ दुखते, ती ट्रेमुळं दुखते, असं तूच ठरवून टाकलंस म्हणे. तू डॉक्टर कधी झालीस गं?

गोळ्या घेतेस का? कॅल्शियमची आणि डी व्हिटॅमिनची? स्टिरॉइड चालू असताना त्या घ्यायच्याच असतात, तुला मी काय सांगायचं. आईच्या गोळ्यांच्या पट्ट्या तूच मोजायचीस.

आणि हाडांच्या तपासणीचं काय? बाबा म्हणाले, डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीय आणि तू ती फ्रीजवर चिकटवून ठेवलीस. का, तर तुला गरज वाटत नाही. तू म्हणालीस, मावशीनं वाढदिवसाला कापलेली माझी शेवटची फीत माझ्याकडे आहे, भिंतीला लावून बघितली, मी तेवढीच आहे. आईची फीतसुद्धा शेवटपर्यंत तेवढीच होती, हाड मोडायचं तेव्हा मोडलंच, मग मापून काय आणि तपासून काय.

हे ऐकलं आणि मी कागद-पेन शोधायला लागले.

शेंगे, फीत म्हणजे काही डॉक्टर नव्हे. सुती पट्टी ती, कमरबंदात घालायची. वर्षातून एकदा तुला आणि आईला, आपापल्या वाढदिवसाला, भिंतीला उभं करून डोक्यापासून टाचेपर्यंत कापायची, तारीख घालायची, गुंडाळी करून डब्यात टाकायची, हा आपला घरचा खेळ होता. खेळावर कुणी तब्येत सोपवतं का? तपासणी करून घे. एवढंच सांगायला लिहिलं.

तुला राग असेल तर कोट तरी वापर. त्याचा काही गुन्हा नाही.

मावशी


२३ फेब्रुवारी

शेंगे,

कोट तू बेकरीतल्या ओव्हनवालीला दिलास, असं बाबांकडून कळलं. तिला बाहीत आखूड होईल. सांग तिला, बाहीच्या दुमडीत दीड इंच कापड आहे.

फोन तू उचलत नाहीस आणि उचललास तर ‘हं’ म्हणून ठेवतेस. म्हणून लिहायचं. पत्राला मध्येच ठेवून देता येतं, पण ते बोलायचं थांबत नाही.

त्या दिवशी तू दुकानात सगळ्यांसमोर जे बोललीस, त्याला मी उत्तर दिलं नाही. आईला जाऊन तेरा दिवसही झाले नव्हते. तू काळ्या कोटाला बटण शोधत होतीस, वरच्या फळीवरचा मोठा डबा काढलास आणि टेबलावर पालथा केलास. बटणांत गोळ्या निघाल्या. पांढऱ्या, लांबट, जाड. शेकड्यांनी असतील. तू एक उचललीस, वास घेतलास आणि म्हणालीस, “तूच तिला गोळ्या सोडायला लावल्यास.” मग गेलीस.

आज सांगते. मी सोडायला लावल्या नाहीत.

तुझी आई दर गुरुवारी दुपारी माझ्याकडे यायची, दुकान दोन तास बंद असायचं तेव्हा. तिला घरी निजता यायचं नाही. तू आणि बाबा सारखे बघत राहायचात, काय खाल्लं, किती वेळा गेली, रक्त होतं का. माझ्याकडे कुणी काही विचारायचं नाही. संडास मागेच आहे, चार पावलांवर. ती कापडाच्या तागांवर डोकं टेकून पडायची, आणि पडण्याआधी पर्समधून कागदाची पुडी काढून डब्यात रिकामी करायची. आठवड्याच्या चौदा. घरी ठेवल्या तर तुला सापडतील, आणि गटारात टाकायला तिचा जीव धजायचा नाही. औषध टाकू नये म्हणायची. बघ, म्हणजे घेऊ नये, पण टाकूही नये.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रागावले. ती म्हणाली, ताई, दिवसाला सतरा गोळ्या आहेत. पंधरा मी मुकाट गिळते. ह्या दोन कॅल्शियमच्या, ह्यांनी पोट नगाऱ्यासारखं फुगतं, आणि आधीच चौदा वेळा पळून आलेलं असतं. डी व्हिटॅमिनची आठवड्याची कॅप्सूल तेवढी ती घ्यायची, तीही आठवली तर. मी म्हटलं, डॉक्टरांना सांग, ते बदलून देतील. सांगते, म्हणाली. पुढच्या गुरुवारी मी विचारलं, त्यापुढच्या गुरुवारी विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. पोरीला कळू देऊ नकोस, एवढंच तिचं म्हणणं. मग काय, अळीमिळी गुपचिळी. आम्ही दोघी लहानपणापासून त्यात पटाईत.

तर माझं पाप एवढंच. माहीत होतं आणि बोलले नाही. यापलीकडे काही नाही.

त्या गोळ्या मी टाकल्या नाहीत अजून. तू डबा पालथा केलास, त्यानंतर काकूंनी सगळं गोळा करून परत भरून ठेवलं. बटणं आणि गोळ्या, सगळं एकत्र.

मावशी


६ मार्च

शेंगे,

गेल्या दोन पत्रांची पोच नाही. मी मागतही नाही. पण आज काम झालंय ते कळवायला हवं.

आधी दुकानाचं सांगते, म्हणजे मला धीर येईल. तुला तो पुतळा आठवतो ना, कळ फिरवून उंच-ठेंगणा आणि जाड-बारीक करता येतो तो? तो अजून तुझ्या आईच्या मापावर आहे. गिऱ्हाइकाचं काम आलं की मी ते हातावरच धरून बघते, पुतळ्यावर चढवत नाही. काकू म्हणतात, पुतळ्याला पगार देता का बसवून? त्यांना काय सांगू. दुपारी दोननंतर, शटर अर्धं खाली असतं, रस्त्यावरचा उजेड फक्त जमिनीवर येतो, तेव्हा तो पाठमोरा असला की मला आत यायला पाच मिनिटं लागतात. आणि गुरुवारी वरच्या फळीवरचा डबा वाजतो. मशीनच्या हादऱ्यानं वाजतो, असं मी स्वतःला सांगायचे. गेल्या गुरुवारी मशीन बंद होतं. काकूंनीही ऐकलं. उंदीर असेल म्हणाल्या आणि त्या दिवशी लवकर घरी गेल्या.

तर काम. मी आईच्या पोटाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. आता आठवड्यातून दोनच दिवस बसतात, ऐकू कमी येतं, पण ओळखलं त्यांनी. मी सांगितलं, भाचीला तेच झालंय, हाडांचं मला नीट समजावून सांगा, शाळेतल्या पोरीला सांगतात तसं. त्यांनी सांगितलं. सूज नुसती आतड्यात राहत नाही, ती हाडही पोखरते. स्टिरॉइड त्यात भर घालतं. आणि आतडंच दुखावलेलं, त्यामुळं खाल्लेलं अंगी लागत नाही. डी व्हिटॅमिन रक्तात कमी असेल तर कॅल्शियम आलं तसं निघून जातं. म्हणून आधी रक्त तपासून पातळी बघायची, मग किती घ्यायचं ते तुझे डॉक्टर ठरवतील. मनानं जास्त घ्यायचं नाही, त्याचाही त्रास होतो. आणि स्टिरॉइड एकदम बंद करायचं नाही, कितीही चेहरा सुजला तरी. हाडांच्या तपासणीत सुई नाही, चिरफाड नाही, यंत्राखाली दहा-पंधरा मिनिटं निजायचं. तू बेकरीत पाव फुगायची वाट बघतेस त्याहून कमी वेळ.

मग मी विचारलं, कॅल्शियमनं पोट फुगत असेल तर? ते म्हणाले, मग दुसऱ्या जातीचं देतो, चघळायची गोळी असते, भुकटीही मिळते, बऱ्याच जणांना ती सोसते. एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला. एक वाक्य होतं ते, शेंगे. तेवढं एक वाक्य विचारायला आम्ही दोघी बहिणी कधी गेलो नाही.

त्यांनी आईचा जुना कागद काढून आणखी एक गोष्ट दाखवली. ती आज लिहीत नाही. हात दुखतोय.

मावशी


१९ मार्च

शेंगे,

हात दुखत नव्हता. बस कुठंतरी. उभ्यानं वाचू नकोस.

डॉक्टरांच्या त्या कागदावर तुझ्या आईच्या शेवटच्या वर्षातली तारीख होती. खाली त्यांच्या अक्षरात लिहिलंय: पाठदुखी, उंची कायम. मी विचारलं, कायम कशावरून? ते म्हणाले, तुमची भाची आली होती ना सोबत. मी विचारलं उंची कमी झालीय का, तर तिनं पिशवीतून आईच्या दोन फिती काढल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी अंथरल्या. पाच वर्षांपूर्वीची आणि त्या वर्षीची. दोन्ही सारख्या. ती म्हणाली, “माझी मावशी शिवणकाम करते. तिचं माप चुकत नाही.” मणक्याचा एक्स-रे काढायचं माझ्या मनात होतं, पण तुमची बहीण आधीच तपासण्यांनी बेजार झालेली, म्हणून पुढं ढकलला.

तुला हे आठवत असेल. मला माहीत नव्हतं. त्या फिती तू फितींच्या डब्यातून केव्हा नेल्यास तेही मला माहीत नव्हतं.

त्या फिती खोट्या होत्या, शेंगे. मी कापलेल्या होत्या आणि खोट्या होत्या.

तुझ्या आईला शेहेचाळिसावं लागलं त्या वर्षी मी तिला नेहमीसारखं भिंतीला उभं केलं, टाचा चिकटवून, डोक्यावर काटकोनी गुण्या ठेवून. आदल्या वर्षीची फीत शेजारी धरली तर अर्धा इंच कमी. मी पुन्हा मापलं. तिनं मान न वळवता विचारलं, “तेवढीच ना, ताई?” दर वर्षी ती हेच विचारायची, तू खदाखदा हसायचीस, कारण मोठ्या माणसानं वाढदिवसाला उंची मापून घ्यायची गंमत वाटायची तुला. त्या वर्षीही तू हसत होतीस, केक खात दारात उभी होतीस. मी म्हटलं, “तेवढीच.” आणि जुन्या फितीवर नवी ठेवून कापली.

मला आधीपासून कळत होतं. आमच्या धंद्यात पाठीला बाक आला की ते कपड्यावर दिसतं. पुढची लांबी पुरून उरते, मागची अपुरी पडते, कोट समोरून खाली लोंबतो आणि मागून वर उचलला जातो. तुझ्या आईचा राखाडी कोट दोन वर्षं तसा करत होता. दुसरं गिऱ्हाईक असतं तर मी सांगितलं असतं, बाई, पाठ दाखवून घ्या. सांगितलंय मी, विचार काकूंना, तिघींना सांगितलंय. आणि माझ्या सख्ख्या बहिणीचा मी बेत बदलला. पुढून उतरवलं, मागं कापड सोडलं, खांद्यात पातळ गादी घातली, गळ्याची पट्टी जरा वर घेतली. असा बसवला कोट की बाक कुणाला दिसू नये. लोक म्हणायचे, आजारी असून वयानं हिला हात लावला नाही. ती आरशात वळून वळून बघायची. मला तेव्हा काय वाटायचं सांगू? शाबासकी मिळाल्यासारखं वाटायचं. माझ्यासारखा हात या रस्त्यावर कुणाचा नाही, असं वाटायचं.

पाच वर्षं. दर वर्षी विचारायची, दर वर्षी मी तेवढीच म्हणायचे. खरं माप मी मापवहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहीत गेले. का लिहीत गेले ते विचारू नकोस. सव्वाबासष्ट इंचांची बाई साठावर आली होती. सव्वादोन इंच मी माझ्या हातानं झाकले.

शेवटच्या मापानंतर आठ महिन्यांनी ती खिडकी लावायला वळली आणि पडली. ओझं नव्हतं, पायरी नव्हती, ओली फरशी नव्हती. नुसती वळली. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि सहाव्या दिवशी रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली. पुढचं तुला माहीत आहे, तू होतीस तिथं. मी बाहेर बाकावर तिच्यासाठी सैल गाऊनला बटणं लावत होते.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि सरळ विचारलं, माझ्यामुळं गेली का? ते कागद बघत म्हणाले, “गोळ्या घेतल्या असत्या तर हाड मोडलंच नसतं, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण उंची कमी झालीय हे कळलं असतं, तर मी गप्प बसलो नसतो.”

फेब्रुवारीतल्या पत्रात मी लिहिलं होतं, माझं पाप एवढंच. ते खोटं होतं. तू मला ज्यासाठी तोडलंस ते मी केलं नाही. जे केलं त्यासाठी तू मला अजून काही बोललेली नाहीस.

आणि आता तू एका फितीच्या भरवशावर ती चिठ्ठी फ्रीजवर लावून बसली आहेस.

मावशी


५ एप्रिल

शेंगे,

आईच्या पाच फिती पाठवतेय. वहीतल्या पेन्सिलीच्या मापावरून नव्यानं कापल्यात. त्या शेजारी शेजारी अंथर आणि बघ. एकदाच बघ, मग बांधून ठेव. त्या कापायला मला अख्खा रविवार लागला, एरवी पाच मिनिटांचं काम. प्रत्येक फितीला कात्री लावताना ती मागं उभी राहून विचारतेय असं वाटत होतं. मी मोठ्यानं उत्तर देत होते. अर्धा कमी. एक कमी. दीड कमी. शेजारच्या छत्रीवाल्यानं येऊन विचारलं, एकट्या कुणाशी बोलताय? म्हटलं, बहिणीशी. तो बिचारा मान हलवून गेला.

काल बाबांचा फोन आला होता. तू माझं पत्र त्यांना वाचायला दिलंस. तू म्हणे पत्र हातात घेऊन जिन्यात बसून राहिलीस आणि कामावर गेली नाहीस. मला शिव्या घालायच्या असतील तर घाल, हव्या तेवढ्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालंय, दारात सावली पडली की तूच आलीस असं वाटतं.

पुतळा मी खाली घेतला. कळ गंजली होती, तेल घालावं लागलं. साठावर आणून ठेवला. आता तो ठेंगणा दिसतो, पोक आलेला वाटतो, आणि पहिल्यांदाच तो तुझ्या आईसारखा दिसतोय. इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होते ती माझीच शिलाई होती. या गुरुवारी डबा वाजला नाही. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तुझी फीत मात्र खरी आहे. त्यात मी कधी सुताचाही फरक केला नाही, कारण कधी करायची वेळ आली नाही. पण भिंतीला स्वतःची स्वतः फीत लावून माप येत नाही, शेंगे. माणूस नकळत टाचा उचलतो, हनुवटी वर करतो. मला विचार ना, आयुष्यभर लोकांना उभं करतेय. पोट आत घेणारे, छाती पुढं काढणारे, कुणी मापाला खरं उभं राहत नाही. त्या ओव्हनवालीला सांग, भिंतीला टाचा, पाठ, डोकं, आणि डोक्यावर पुस्तक सपाट धरून फीत कापायला. सकाळी उठल्या उठल्या, कारण दिवसभर उभं राहिलं की माणूस थोडा दबतो. फीत मला पाठव किंवा चुलीत घाल. पण ती चिठ्ठी फ्रीजवरून काढ.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. मला ते नकोय. मला तू तपासणीला गेलेली हवी आहेस.

मावशी


२४ एप्रिल

शेंगे,

तुझं पाकीट मिळालं. आत पत्र नाही हे मी तीनदा बघितलं. नुसती फीत, गुंडाळी करून, रबर लावून. वर तारीख, आणि शाईनं एक ओळ. तुझं अक्षर अगदी आईचं झालंय. मला आधी तिचंच वाटलं.

तुझी पंचविसाव्या वर्षाची फीत माझ्या डब्यात आहे. तुझी वाढ थांबून तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती, म्हणजे ते माप पक्कं. ती काढली. कापायचं टेबल रिकामं केलं. दोन्ही फिती शेजारी अंथरल्या, एका टोकाला इस्त्री ठेवली, दुसऱ्या टोकापर्यंत हातानं सरळ करत गेले.

आता मी काय काय केलं ते सगळं सांगते, काही ठेवत नाही. पहिल्यांदा वाटलं, फीत मध्ये दुमडलीय. इस्त्री फिरवली. मग वाटलं, ओव्हनवालीनं पुस्तक तिरकं धरलं असेल. मग वाटलं, तू संध्याकाळी मापलं असशील, कामावरून आल्यावर. मग वाटलं, सुती फीत धुतली की आटते, कुणी धुतली असेल. काकू शेजारी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी ओठातली सुई काढली आणि म्हणाल्या, “ताई, आता पुरे.”

हे चारही बहाणे मी आधी वापरलेले आहेत. पाच वर्षं, आलटून पालटून.

माझा हात कात्रीकडे गेला होता, हेही लिहून ठेवते. तुझ्या फितीपाशी नव्या सुती फितीचं बंडल पडलेलं होतं. जुन्यावर नवी ठेवून कापायला किती वेळ लागतो.

मी ताबडतोब तुझ्या बाबांना फोन केला आणि माप सांगितलं. ते नुसतं बरं म्हणाले. मग थोड्या वेळानं त्यांचा परत फोन आला, तपासणीची वेळ परवा सकाळची मिळालीय, मणक्यांचा एक्स-रेही त्याच दिवशी. चिठ्ठी तू स्वतःच त्यांच्या हातात दिलीस म्हणे. तोवर ट्रेला हात लावू नकोस. वाकून काही उचलू नकोस. बेकरी तुझ्यावाचून दोन दिवस चालेल, पाव नाही फुगला तर नाही फुगला.

हे पत्र मी टपालात टाकत नाहीये. हातानं आणून देणार आहे. शटर ओढलंय, किल्ली काकूंकडे दिलीय. वीस वर्षांत गावाबाहेर न गेलेली बाई मी, गाडीत लिहितेय म्हणून अक्षर हललंय. पिशवीत मापवही आहे, तुझ्या दोन फिती आहेत, आणि एका पुडक्यात त्या गोळ्या, बटणांतून वेचून काढलेल्या. डॉक्टरांपुढं सगळं ठेवीन. आपल्या घरात पाठ कशी गेली ते त्यांना माझ्या तोंडून कळू दे.

तोंडून म्हणतेय खरी, पण माझ्या तोंडाचा मला भरवसा नाही. दार तू उघडशील, तुझा सुजलेला चेहरा दिसेल, तू विचारशील, आणि माझ्या तोंडून जुना शब्द निघून जाईल अशी भीती वाटते. म्हणून आधीच लिहून आणतेय. दार उघडलंस की मी काही बोलायच्या आत हे वाच.

तू फितीवर लिहिलंयस, “तेवढीच ना, मावशी?”

नाही, बाळा. पाऊण इंच कमी आहेस.